डिर्कमानकाकांचा सत्कार

डिर्कमानकाकांचा सत्कार झाला त्या दिवसापासून मी इथल्या मराठी मंडळात पाऊल टाकलेलं नाही. लोक भेटतात, स्टेशनवर, इंडियन दुकानात, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, आणि लाडात येऊन विचारतात, "काय गं माधवी, अजून राग गेला नाही का?" नाही गेला. राग म्हणजे काय सर्दी आहे, आठवड्यात आपोआप बरी व्हायला? आणि जाऊ का द्यावा मी? इतक्या वर्षांत माझ्याकडे जपून ठेवण्यासारख्या फार गोष्टी नाहीत, त्यातला हा एक आहे.

आधी माणूस कोण ते सांगते. ओटो डिर्कमान, जर्मन. तिकडे उत्तरेला नदीकाठी एक छोटं गाव आहे, त्याचे ते कित्येक वर्षं बुर्गरमायस्टर होते, म्हणजे आपल्या हिशेबात नगराध्यक्ष. मग काही वर्षं त्यांच्या राज्याच्या विधानसभेत. तिथून पडले, निवृत्त झाले आणि बायकोला घेऊन तिच्या माहेरी राहायला आले. बायको मार्गारेट, इंग्लंडातली, अस्सल यॉर्कशरची. "तिने तीस वर्षं माझ्या गावात काढली, कधी कुरकुर केली नाही. आता माझी पाळी," असं ते सांगायचे. म्हातारपणी राजीखुशीने घरजावई झालेला मी पाहिलेला हा एकच पुरुष.

हे माहेर म्हणजे लीड्सहून ट्रेनने जवळच असलेलं एक लहानसं गाव. नाव मुद्दाम सांगत नाही, उगाच कोणाला तरी झोंबायचं. मी लीड्सला हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते, नवरा तिथेच एका बँकेच्या आयटीत. लीड्समधलं भाडं परवडेना म्हणून आम्ही इकडे आलो, आणि आमच्यामागून पुण्या-मुंबईची, नागपूरची अशी कितीतरी कुटुंबं स्टेशनजवळच्या नव्या फ्लॅट्समध्ये आली. ती वर्षंच तशी होती. दर महिन्याला एक नवा प्रेशर कुकर गावात यायचा. डिर्कमानांचं घर आमच्यापासून दोन दारं सोडून. "मिस्टर डिर्कमान" म्हणायला जीभ वळेना, म्हणून मी पहिल्या हिवाळ्यातच काका म्हणायला लागले. शब्दाचा अर्थ त्यांनी विचारून घेतला, आणि मग स्वतःच फोनवर "काका स्पीकिंग" म्हणायला लागले.

रस्त्याच्या टोकाला एक दगडी इमारत होती. पूर्वी गिरणीतल्या कामगारांसाठी बांधलेली, नंतर कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, ताब्यात आलेली. सगळे तिला सेंटर म्हणायचे. सकाळी तिथे म्हाताऱ्या माणसांचा क्लब, शनिवारी आमची मराठी शाळा, आणि भाद्रपदात गणपती. दर गुरुवारी दहा वाजता काका दोन घडीच्या खुर्च्या घेऊन सेंटरच्या फाटकापाशी बसायचे. एक स्वतःला, दुसरी जो येईल त्याला. माझी लेक तेव्हा लहान. इथे जन्मलेली, त्यामुळे तिच्या मराठीत सगळं जग स्त्रीलिंगी. खिडकीतून ओरडायची, "आई, जर्मन आजोबा चेअर घेऊन आली!"

ही सवय गावाकडची. तिकडे बाजाराच्या दिवशी नगराध्यक्ष कचेरीत न बसता बाजारात, कोबीच्या गाडीशेजारी बसायचे. टेबल नाही, शिपाई नाही. मी विचारलं, टेबल का नाही? तर म्हणाले, टेबल असलं की समोरचा माणूस अर्ज करायला लागतो, नसलं की बोलायला लागतो. इथे त्यांना कोणी नगराध्यक्ष केलेलं नव्हतं. तरी ते बसायचे, आणि हळूहळू लोक यायला लागले. कोणाच्या घरात ओल, कोणाच्या रस्त्यावर दिवा नाही, कोणाची कचऱ्याची बादली उचललेली नाही.

मीही बादलीवरूनच गेले होते पहिल्यांदा. तावातावाने म्हटलं, कौन्सिल काही करतच नाही. काकांनी खिशातून पेन्सिल काढली आणि विचारलं, "नाव?" मी माझं सांगितलं. म्हणाले, तुझं नको, ज्याने काही केलं नाही त्याचं. मी म्हटलं, कौन्सिल. "कौन्सिल नावाचा माणूस मला अजून भेटलेला नाही. नाव काय त्याचं?"

हा त्यांचा मंत्र. लोक म्हणतात, सरकार म्हणतं, नियम असा आहे, हे त्यांना चालायचंच नाही. कोण म्हणतं? नाव? ते नाव मिळेपर्यंत फोन करत राहायचे, आणि मिळालं की त्या माणसावर ओरडायचे मात्र नाहीत. उलट त्याची चौकशी करायचे, घर कुठे, मुलं किती, आणि मग बादलीचं काढायचे. बादल्या उचलल्या जायच्या. मला हे बघून चीड यायची. मी म्हणायचे, अहो काका, जरा झापा ना त्यांना. ते म्हणायचे, झापलेला माणूस फाइल ढिगाच्या तळाशी ठेवतो.

आमच्या गणपतीचं तर त्यांच्यावाचून पानच हललं नसतं. पहिल्या वर्षी सेंटर मिळेना. आत ज्योत पेटवायला मनाई, म्हणून आरती नाही, म्हणून परवानगी नाही. आमच्या मंडळाचा अध्यक्ष अविनाश, मोठ्या कंपनीत मॅनेजर, इमेलमागून इमेल पाठवून दमला आणि म्हणाला, बॅटरीवरची निरांजनं आणू या. काकांनी दोन दिवसांत नाव शोधून काढलं. मनाई करणारे एक साधे, भित्रे गृहस्थ होते, फायर सेफ्टीचे. काका त्यांना घेऊन थेट आरतीलाच आले. म्हणाले, जे थांबवायचंय ते आधी बघून घ्या. आणि स्वतः वाळूने भरलेली लाल बादली हातात धरून, सूट घालून, मूर्तीच्या उजव्या हाताला उभे राहिले. पूर्ण आरती संपेपर्यंत बादली खाली ठेवली नाही. ते गृहस्थ जाताना दोन मोदक रुमालात बांधून घेऊन गेले, आणि नंतर परवानगी कधी अडली नाही.

पण बादली राहिली. दर वर्षी काका आरतीला वाळूची बादली घेऊन त्याच जागी उभे. मंडळाचे फोटो काढून बघा, प्रत्येक फोटोत आहेत. सगळ्यांचे लाडके काका. काका, पुरणपोळी घ्या. काका, आमच्या बाळाला आशीर्वाद द्या. काका, घरमालक डिपॉझिट देत नाही, जरा बघता का? काका बघायचे.

त्यांचं स्वतःचं राजकारण ते फारसं सांगायचे नाहीत. एकदा मी त्यांच्याकडे आलुबुखारचा केक खात बसले होते, तेव्हा विचारलं, विधानसभेतून पडलात कसे? अगदी सहज सांगितलं त्यांनी. पक्षाने ठरवलं, छोटी गावं मोडून शेजारच्या मोठ्या गावांना जोडायची. त्यांच्या गावाचंही नाव यादीत. "मी हात वर केला," म्हणाले. "मला ते बरोबर वाटत होतं. पाण्याचा प्रश्न होता, शाळेचा होता. मी माझं गाव मोडलं." त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी ते नेहमीसारखे खुर्च्या घेऊन गेले, तर कोबीवालीने आपली गाडी उचलून दुसऱ्या टोकाला नेली. शेजारी कोणी बसायला आलं नाही. आणि निवडणुकीच्या दिवशी तुफान बर्फ पडत होता, तरी सगळं गाव मतदानाला लोटलं. कुबड्या घेऊन आले. एका आजारी म्हाताऱ्याला ट्रॅक्टरवर बसवून आणलं. काकांनी स्वतः हात देऊन त्याला खाली उतरवलं, आणि तो आत जाऊन त्यांच्या विरुद्ध मत देऊन आला.

हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता. मला कळेचना. मी म्हटलं, यात आनंद कसला? ते म्हणाले, "मला पाडायला लोक अंथरुणातून उठून आले, माधवी. नगराध्यक्षाला आणखी काय हवं?"

म्हणूनच सेंटर बंद होणार हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं. कौन्सिलने दुपारची वेळ कमी केली, आम्हाला त्यात काही वाटलं नाही. काका म्हणाले, आता ते म्हणतील की दुपारी कोणी येत नाही. मग पाहणी करतील. मग छपराचा अहवाल येईल की दुरुस्ती परवडत नाही. मग विकतील. मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत? म्हणाले, मी अशीच एक शाळा बंद केली आहे. आणि अगदी त्याच क्रमाने झालं सगळं. पाहणी आली, छप्पर आलं, आणि मग बातमी आली की बिल्डरशी बोलणी चालू आहेत.

काकांचा जीव सेंटरमध्ये का अडकला होता, हे मंडळात कोणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण मी शेजारीण. मार्गारेटची स्मृती चालली होती. जर्मनीतलं घर विसरली, इथलं घरही तिला अनोळखी वाटायचं. काकांना कधीकधी ती फार आदबीने विचारायची की तुमची मिसेस कुठे असते. पण सकाळी क्लबसाठी सेंटरमध्ये नेलं की बाईत फरक पडायचा. लग्नाआधी ती तिथे नाचायला जायची. आत शिरली की सरळ कोपऱ्यातल्या खुंटीपाशी जायची, कोट काढून अडकवायची, केसांवरून हात फिरवायची आणि वळून काकांकडे बघून हसायची, ओळखीचं. नवरा विसरली पण कोटाची खुंटी विसरली नाही, आणि त्या खुंटीपाशी तिला नवराही आठवायचा. तेवढ्यासाठी काका सकाळची वाट बघायचे.

कौन्सिलने सांगितलं होतं, क्लब दुसऱ्या गावातल्या नव्या इमारतीत हलवू. काका तिला तिथे घेऊन गेले. ती कोट घालून दारातच उभी राहिली, आणि घरी जायचंय म्हणून रडत राहिली. काका तिला परत घेऊन आले आणि त्याच आठवड्यात ठरवलं की कौन्सिलच्या निवडणुकीला उभं राहायचं, अपक्ष. आमच्या वॉर्डातली जी जागा रिकामी होणार होती, ती. मला म्हणाले, एक माणूस म्हणजे बहुमत नाही, पण खोलीत एक जण नाही म्हणणारा असला तरी फाइल थांबते. सेंटर वर्षभर थांबलं तरी पुष्कळ आहे. वर्षभर का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

प्रचारात मार्गारेटचं नाव काढायचं नाही, ही त्यांची सक्त ताकीद. मी म्हटलं, अहो, लोकांना कळलं तर मतं मिळतील. त्यांनी तेव्हा पहिल्यांदा आवाज चढवला. "ती माझी बायको आहे. पोस्टर नाही."

आता जे सांगणार आहे ना, त्याने आजही माझं डोकं फिरतं. आमच्या लोकांची ठाम समजूत, की आपण व्हिसावर आहोत, आपल्याला इथे कुठलं मत? अहो, आहे! भारत कॉमनवेल्थमधला, म्हणून व्हिसावरच्या माणसालाही इथे मत देता येतं, अगदी पंतप्रधान ठरवणाऱ्या निवडणुकीतसुद्धा. हे आम्हाला कोणी सांगावं? एका जर्मन माणसाने. ते हसून म्हणायचे, तुम्ही इथलं सरकार निवडू शकता, मला फक्त रस्त्याचे दिवे लावणारा निवडता येतो.

एवढे उच्चशिक्षित लोक! व्हिसाच्या नियमांची प्रत्येक ओळ पाठ, आणि मताचा हक्क कोणाच्या गावी नाही. काका एकेका फ्लॅटचा जिना चढले. गुडघे दुखायचे त्यांचे. प्रत्येक घरी पोहे झाले, चहा झाला, नावं विचारली, नाव नोंदवायचा फॉर्म दिला, कुठे सही करायची ते दाखवलं. लोकांनी दारापर्यंत येऊन निरोप दिला, आणि फॉर्म फ्रिजवर मॅग्नेटखाली लावून ठेवला. कोणी म्हणालं, पर्मनंट रेसिडेन्सीचं व्हायचंय, त्याआधी भानगड नको. कोणी म्हणालं, आपण काय, दोन वर्षांत परत जाणार. दोन वर्षांत जाणारे ते सगळे अजून इथेच आहेत, घरामागे काचेची कन्झर्व्हेटरी बांधून.

मी अविनाशकडे गेले. म्हटलं, तू मंडळातर्फे एक इमेल टाक, बाकी काही नको. तो म्हणाला, "माधवी, मंडळात राजकारण नको." मी हसू का रडू! आरतीचं ताट आधी कोणाच्या हातात द्यायचं यावरून ज्या मंडळात दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत, त्या मंडळात राजकारण नको! मी त्याला तोंडावर म्हटलं हे. तो म्हणाला, काकांबद्दल आदर सगळ्यांनाच आहे, पण आपण न्यूट्रल राहू या.

मतदान सेंटरमध्येच होतं. जिथे गणपती बसतो तिथेच मतपेटी. मी रजा टाकली होती, नवऱ्याला सकाळी अक्षरशः ओढत नेऊन मत द्यायला लावलं होतं. काका फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले, सूट, कोटावर छोटंसं फूल. संध्याकाळी लीड्सच्या ट्रेन यायला लागल्या आणि आमची माणसं, पाठीवर लॅपटॉपच्या बॅगा, त्याच फाटकासमोरून घरी जायला लागली. प्रत्येक जण हात हलवून म्हणायचा, "हाय काका! ऑल द बेस्ट!" आणि पुढे. काही जणांनी तर नाव नोंदवलेलं होतं, मला माहीत होतं. त्यांना मी रस्त्यात अडवलं. तर म्हणे, जरा घरी जाऊन फ्रेश होऊन येतो. दार उघडं होतं, पेटी दहा पावलांवर होती, आणि यांना फ्रेश व्हायचं होतं. ते अजून फ्रेश होतायत.

काका हरले, आणि थोडक्यात हरले. किती मतांनी ते सांगत नाही. आमच्या गणपतीच्या महाप्रसादाला पहिल्या पंगतीत त्याहून जास्त माणसं बसतात, एवढं ऐका. उन्हाळ्यात सेंटरला कुलूप लागलं आणि भोवती पत्रे उभे राहिले.

काका निवडून आले असते तर सेंटर वाचलंच असतं असं मी म्हणत नाही. ते स्वतःही म्हणाले नाहीत कधी. पण फाइल थांबली असती. कोणीतरी आत बसून नाव विचारलं असतं.

त्या वर्षीचा गणपती एका शाळेच्या जिममध्ये बसला. आणि अविनाशच्या डोक्यातून कल्पना निघाली, की काकांचा सत्कार करू या. शाल, श्रीफळ, मानपत्र! आपल्याकडे हे फार सोयीचं आहे. ज्याच्यासाठी काही केलं नाही, त्याच्या खांद्यावर शाल घालायची. मी भांडले, मला "निगेटिव्ह" ठरवण्यात आलं. काका आले. मार्गारेटला शेजारच्या बाईंकडे सोपवून, तोच सूट घालून, आणि हातात लाल बादली. शाळेला त्या बादलीची गरज नव्हती, तिथे परवानगीचा प्रश्नच नव्हता. तरी घेऊन आले.

अविनाशने भाषण केलं, काकांसाठी इंग्रजीत. काकांचं योगदान, काकांचं प्रेम, काका म्हणजे आपले आजोबाच. मग आवाज जड करून म्हणाला की दुर्दैवाने लोकांनी काकांना निवडून दिलं नाही, पण आपल्या मनाचे नगराध्यक्ष तेच. टाळ्या. शाल घातली, हातात नारळ दिला, आणि माइक पुढे केला की काका, दोन शब्द.

काका नारळ धरून उभे राहिले. सगळ्यांकडे बघून घेतलं, आणि नेहमीच्याच शांत आवाजात विचारलं, "लोकांनी म्हणजे कोणी? नाव?"

अविनाश हसायला गेला, त्याला जमलं नाही. मागच्या एका बाईने मुलाच्या शर्टाचं बटण लावायला घेतलं. काकांनी उत्तराची वाट बघितली, ते आदबीने नेहमीच वाट बघायचे. मग माइक परत दिला, नारळ खुर्चीवर ठेवला, बादली उचलली आणि आरतीसाठी मूर्तीच्या उजव्या हाताला आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. आणि आमच्या लोकांनी काय केलं असेल? आरती सुरू केली. जोरात, टाळ्या वाजवत. मी लेकीचा हात धरला आणि बाहेर पडले.

खुर्च्या मांडून बसलेलं त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर काही आठवड्यांनी. गुरुवार होता, माझी दुपारची ड्युटी होती, मी स्टेशनकडे निघाले होते. सेंटरच्या पत्र्यांसमोर दोन खुर्च्या मांडलेल्या. एकीवर काका, आणि दुसरीवर, जी इतकी वर्षं येईल त्याला असायची, तिच्यावर मार्गारेट. गळ्यापर्यंत कोटाची बटणं लावलेली, पायांवर ती सत्काराची शाल, जरीचा काठ वर आलेला. तिची नजर फाटक शोधत होती. मला बघून काका उठायला लागले, मी म्हटलं, बसा बसा.

तेवढ्यात अविनाशची गाडी गेली. त्याने हॉर्न वाजवून हात हलवला, काकांनीही हात वर केला.

मार्गारेटने काकांच्या बाहीला धरलं. "का हो, हे बंद कोणी केलं?"

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या पायांवरची घसरलेली शाल वर ओढली.

"लोकांनी," ते म्हणाले.

सगळी नावं त्यांना पाठ होती. घरोघर जिने चढून त्यांनीच तर विचारून घेतली होती.